पेटीत पॅड टाकायचा राहिला

शनिवार, रात्री पावणेबारा

पाठ मोडलीये पण झोप येत नाहीये, म्हणून म्हटलं लिहून टाकू, नाहीतर उद्यापर्यंत अर्धं विसरेन आणि पुढच्या सीझनला परत हाच घोळ घालेन.

आज ते द्राक्षाचं काम लावून आलो. दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊससाठी (द्राक्षं साफ करून पेट्यांत भरायची शेड) जँगोमध्ये, म्हणजे पायथन भाषेतल्या वेब चौकटीत, छोटं सॉफ्टवेअर केलंय, कोणत्या शेतकऱ्याचा किती माल आला, किती पेट्या भरल्या, किती माल रिजेक्ट झाला, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात मराठीत पावती, बस एवढंच. दोन महिने इंदिरानगरच्या घरी बसून केलं आणि माझ्या लॅपटॉपवर इतकं मस्त चालत होतं की गुरुवारी पॅकहाऊसच्या काकांना फोनवर छातीठोकपणे सांगितलं, शनिवारी येतो, तासाभरात लावून देतो. तासाभरात! सकाळी साडेसहाला गाडीला किक मारली, थंडीनं बोटं हँडलला चिकटल्यासारखी झाली होती, आणि परत यायला रात्रीचे नऊ वाजले.

मशीन म्हणजे शेडमधल्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप, त्यावर मागच्या वेळी मीच उबुंटू २२.०४ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टम) टाकून ठेवलेलं. वर पत्रा असल्यामुळे आत मोबाईलला रेंज नाही. हे माहिती होतं म्हणून मी हुशारी केली होती, सगळी पायथन पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे, घरीच पिपने (ती आणून बसवणारं टूल) डाउनलोड करून पेनड्राईव्हवर घेतली, म्हणजे तिथं नेट लागणारच नाही. पिपला नेटवर जाऊ नको, ह्या फोल्डरमधूनच घे असं सांगता येतं, ते चांगलंच चालतं. फक्त एक गोष्ट डोक्यातच आली नाही. माझ्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ आणि उबुंटू २२.०४ वर ३.१०. शुद्ध पायथनमधल्या पॅकेजला काही फरक पडत नाही, पण ज्यांच्या पोटात सी कोड असतो त्यांची व्हील फाईल (तयार बांधलेलं पॅकेज) त्या-त्या व्हर्जनसाठी वेगळी बनते, नावातच सीपी३१२ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. दोन महिने ती नावं डोळ्यासमोरून जात होती आणि एकदाही नीट वाचली नाहीत. पिप म्हणालं, जुळणारं व्हर्जनच सापडत नाही. गंमत म्हणजे डाउनलोड करतानाच अमुक पायथनसाठी, अमुक प्लॅटफॉर्मसाठी पाहिजे असं सांगायची सोय आहे, दोन शब्द जास्तीचे टाइप करायला लागले असते.

मग काय, फोन खिडकीच्या गजाला रुमालाने बांधला, तिथं कशीबशी दोन काड्या रेंज येते, आणि हॉटस्पॉटवर सगळं नव्याने.

यादी बघून स्वतःचीच लाज वाटली. जँगो बिचारं स्वतः फार काही मागत नाही, एएसजीआयरेफ आणि एसक्यूएलपार्स ही दोन पॅकेजेस, विंडोजवर वरून टीझेडडेटा, झालं. पण माझी रिक्वायरमेंट्स फाईल, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, त्रेचाळीस ओळींची, कारण मी पिप फ्रीझ (असलेली सगळी पॅकेजेस छापणारी कमांड) मारून जे आलं ते तसंच चिकटवलं होतं, त्यात ज्युपिटर, ती कोड लिहून बघायची वहीसुद्धा! पॅकहाऊसच्या कॉम्प्युटरवर ज्युपिटर कोण उघडणारे, हमाल? लग्नाच्या यादीत शेजाऱ्याच्या साडूचं नाव घुसतं तसलं सगळं. तिथंच बसून अकरा ओळींवर आणली. पोस्टग्रेस डेटाबेसच्या ड्रायव्हरने पीजी कॉन्फिग नाही म्हणून थोडा वेळ खाल्ला, मी यादीत त्या ड्रायव्हरचा सोर्सवाला सायकोपीजी२ लिहिला होता, त्याला कंपाइल व्हायला लिबपीक्यू ह्या पोस्टग्रेसच्या लायब्ररीच्या हेडर फाईल्स लागतात, त्या उबुंटूच्या अ‍ॅप्टने टाकल्या. डीबग बंद केल्यावर सीएसएस (पानाची सजावट) गायब झालं, ते अपेक्षितच होतं, कलेक्टस्टॅटिकने त्या फाईल्स गोळा करून एनजिनएक्स ह्या वेब सर्व्हरला फोल्डर दाखवलं तर ४०३, म्हणजे परवानगी नाही, कारण उबुंटूत आता होम फोल्डर बाकीच्या युजर्सना बंद असतं आणि मी सगळं होममध्येच ठेवलेलं. फोल्डर हलवलं, जँगो चालवणारं गुनिकॉर्न सिस्टमडीत (मशीनसोबत प्रोग्रॅम सुरू करणारी सोय) टाकलं म्हणजे लाईट जाऊन आली तरी आपोआप चालू होईल. हे सगळं वैतागवाणं असतं पण ओळखीचं असतं, प्रत्येक वेळी एरर येते, एरर वाचायची, पुढे जायचं.

खरी मजा पावतीला झाली.

पावतीची पीडीएफ करायला वीझीप्रिंट नावाचं पॅकेज वापरलंय. आधी रिपोर्टलॅब ह्या दुसऱ्या पॅकेजने करून बघितली होती पण त्यात जोडाक्षरं तुटत होती, वेलांटी भलत्याच अक्षरापाशी जात होती, "पेट्या"चं पार भजं. वीझीप्रिंट अक्षरांची जुळणी पँगो आणि हार्फबझ ह्या लायब्रऱ्यांकडून करून घेतं म्हणून मराठी नीट येतं. पण पँगो ही सिस्टमची लायब्ररी, पिपने येत नाही, वेगळी टाकायला लागते. तीही टाकली. एरर गेली. काकांना हाक मारली, या बघा पहिली पावती. प्रिंटर घरघरला, कागद बाहेर आला, आणि कागदावर आकडे सगळे इंग्रजी असल्यामुळे बरोबर आणि बाकी सगळीकडे चौकोन. नुसते चौकोन. शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चौकोन, "द्राक्षे"च्या जागी चौकोन, तळाला "धन्यवाद"ला पण चौकोन.

काका बराच वेळ कागद बघत उभे. मग म्हणाले, "हे काय, रांगोळीचे ठिपके का?"

लॉगमध्ये एक अक्षर एरर नाही. सगळं हिरवं. च्यायला चाळीस मिनिटं मी युनिकोड, डेटाबेसचं एन्कोडिंग, टेम्प्लेट, सगळं उकरत बसलो. शेवटी सहज म्हणून एफसी-लिस्टला (मशीनवरचे फॉन्ट दाखवणारी कमांड) विचारलं की मराठीचे फॉन्ट कोणते आहेत तुझ्याकडे, तर उत्तरात रिकामी ओळ. एकही नाही. मशीनवर मी उबुंटूची मिनिमल आवृत्ती टाकली होती ना, जागा वाचवायला. आणि माझ्या लॅपटॉपवर नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट कधीपासूनच आहे, स्क्रीनवर मराठी दिसतं ते कुठून दिसतं हा प्रश्न मला आयुष्यात पडलेला नाही. रिक्वायरमेंट्समध्ये फॉन्टची ओळ नसते, पिप फ्रीझला तो दिसत नाही. इंग्रजी पावती असती तर हे मला कधी कळलंही नसतं.

मी कपाळाला हात लावून बसलेलो बघून काकांनी चहा मागवला आणि मला बाहेर नेलं. बाहेर बाया टोप्या घालून कात्रीने घड साफ करत होत्या, अर्धा किलोच्या दहा पनेट (छोटे डबे) बसल्या की पाच किलोची पेटी, वर ग्रेप गार्डचा पॅड, मग लायनर (आतली प्लास्टिकची पिशवी) बंद करून प्री-कूलिंगला, म्हणजे गार करायला. काकांनी एक पॅड हातात दिला, कागदासारखा हलका. त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साईड सुटतो आणि बुरशी धरत नाही. म्हणाले, "हा टाकायचा राहिला ना, तर पेटी इथं एकदम फर्स्ट क्लास दिसते बरं का. वजन बरोबर, मणी टवटवीत, कोणी नापास करणार नाही. रॉटरडॅमला कंटेनर उघडतात तेव्हा फोन येतो." मी म्हटलं काका, माझ्या पावतीचा फोन तर इथंच आला. ते हसले, पण मला वाटतं त्यांना माझा जोक कळला नाही, चौकोन कसे जाणार एवढंच त्यांना हवं होतं.

फॉन्ट अ‍ॅप्टने टाकता आला असता, पण तो परत त्या मशीनपुरताच राहिला असता. म्हणून नोटोची फाईल लॅपटॉपवरून उचलून प्रोजेक्टमध्येच ठेवली आणि सीएसएसमध्ये तिचा पत्ता दिला. लायसन्स ओपन फॉन्टचं आहे, सोबत वाटायला चालतं, फक्त लायसन्सची फाईल पण बरोबर ठेवायची. त्याच झपाट्यात स्क्रीनवरचा गूगल फॉन्ट आणि सीडीएनवरून (नेटवरच्या सर्व्हरवरून) येणारं बूटस्ट्रॅप हे तयार डिझाईनही आत ओढून घेतलं, कारण हॉटस्पॉट बंद केला तर ते पण गेलंच असतं आणि काकांनी मला दुसरा कप पाजला नसता.

साडेसहाला पावती नीट आली. "द्राक्षे"तला द्रा आणि क्षे दोन्ही जागच्या जागी. काकांनी ती पावती निरखली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पेट्यांच्या खाली सही करायला जागाच नाही ठेवली तुम्ही." ती ठेवण्यात अजून एक तास.

येताना मिसळ खायची ठरवली होती, ती राहिली. आता हे लिहिता लिहिता खिसे चाचपले तर पेनड्राईव्ह नाही. ३.१० साठीच्या सगळ्या व्हील्स, फॉन्ट, नवीन अकरा ओळींची यादी, सगळं मी निघताना त्यावर नीट कॉपी केलं होतं, आणि तो त्याच डेस्कटॉपच्या मागे लावून आलोय. सोमवारी परत दिंडोरी.