रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे

चिपळूणजवळच्या एका गावाचा दहा वर्षांचा पाऊस महिनावार मांडायचा, एवढंच काम होतं. पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येत होतं, त्यातलं तक्ते हाताळायचं पांडाज लॅपटॉपवर होतं, आलेख शेवटी तासाभरात झाले. मधले अडीच आठवडे गेले ते रिकाम्या चौकटींपायी, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

पावसाच्या रकान्यात आकड्यांखेरीज तीन गोष्टी होत्या: 'निरंक', आडवी रेघ आणि काहीच नाही. ज्या कार्यालयातून फाइल मिळाली तिथे याचा अर्थ विचारायला तीन खेपा घातल्या. दोनदा संबंधित माणूस जागेवर नव्हता. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "अहो, लिहिलं नाही म्हणजे पाऊस नाही. शून्य धरा आणि मोकळे व्हा."

मी धरलं. मजकुराचे आकडे करणाऱ्या टू_न्युमेरिकला एरर्स='कोअर्स' सांगितलं, आकडा नसलेलं सगळं नॅन ('आकडा नाही' अशी खूण) झालं, त्यावर फिलना(०), म्हणजे त्या जागी शून्य. फाइल स्वच्छ दिसू लागली. मग जुलै २०२१ उघडला. २२ तारखेसमोर शून्य मिलिमीटर! त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. आईला धरून वरच्या मजल्यावर नेताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मी पाण्यात उभा होतो. तो दिवस माझ्याच प्रोग्रॅमने कोरडा ठरवला होता.

सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. कोऱ्या चौकटी शोधायला रकाना नॅनशी '==' (सारखं आहे का) लावून पाहिला. एकही ओळ नाही. रात्री दोनपर्यंत मी फाइलच खराब आहे असं समजत होतो. पण नॅन स्वतःशीसुद्धा बरोबर नसतो. संगणकातल्या दशांश आकड्यांसाठीच्या १९८५च्या आयईईई ७५४ या मानकातच तसं ठरलेलं आहे. किती आहे हे माहीत नसलेल्या दोन गोष्टी सारख्या आहेत असं यंत्राने म्हणायचं नाही. शोधायचं ते इजना वापरून. हे कळल्यावर अक्षरशः हायसं वाटलं.

तरी अडलेलं अडलेलंच. निरंक, रेघ आणि कोरं या तिन्हींचा मी एकच नॅन करून ठेवला होता. निरंक म्हणजे मापक पाहिलं आणि पाणी नव्हतं, म्हणजे ते खरं शून्य. रेघेचं काय? शेवटी कार्यालय सोडलं आणि पर्जन्यमापकाची नोंद ठेवणाऱ्या काकांच्या घरीच गेलो. रोज सकाळी साडेआठला तेच मोजतात.

"रेघ म्हणजे मी गावाला गेलेलो. पाणी भांड्यात साठतं ना, दुसऱ्या दिवशी एकदम मोजतो."

म्हणजे रेघेच्या दिवसाचा पाऊस पुढच्या आकड्यात आधीच आलेला असतो. तिथे सरासरी भरली तर तोच पाऊस दोनदा मोजला जाणार, आणि पुढचा आकडा एका दिवसाचा विक्रम म्हणून मिरवणार. हे सांगणारी कमांड कुठल्याही भाषेत नाही, ते काकांनाच माहीत होतं.

"आणि बावीस जुलै?"

"अरे, मी माळ्यावर, मापक पाण्याखाली. काय लिहू?"

म्हणून सांगतो, फाइल वाचतानाच डीटाइप=एसटीआर आणि कीप_डिफॉल्ट_एनए=फॉल्स द्या, म्हणजे माणसाने जे लिहिलं ते तसंच हाती येतं. त्या मूळ रकान्याची प्रत ठेवा, मगच आकडे करा. आणखी एक, जे मला फार उशिरा दिसलं: सम हे फंक्शन नॅन गुपचूप वगळतं. महिनाभर नोंदच नसेल तरी बेरीज शून्य येते, तक्रार येत नाही. तिथे स्किपना=फॉल्स लिहावंच लागतं. गाव क्रमांक १२चा १२.० झाला असेल तर त्या रकान्यातही कुठेतरी रिकामी जागा आहे, कारण नॅन साध्या पूर्णांकांत बसत नाही. इंग्रजी मोठ्या 'आय'ने सुरू होणारा 'इंट६४' प्रकार दिला की पूर्णांक टिकतो.

महिन्याच्या बेरजेत निरंकला आणि रेघेला शून्य दिलं, मात्र रेघेचा आणि तिच्या पुढचा दिवस रोजच्या आलेखातून काढला. जुलै २०२१च्या बेरजेत नॅन आहे आणि तो तसाच ठेवलाय. शेजारच्या रकान्यात लिहिलंय: मापक पाण्याखाली.