चार शिडं उतरवेपर्यंत

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास वेग ६० वरून ७२ वर गेला. हॉलंडमध्ये पवनचक्कीचे फेरे मोजत नाहीत. सज्जासमोरून मिनिटाला किती पाती गेली ते मोजतात आणि त्याला ‘एंडन’ म्हणतात. पाती चार, म्हणून ७२ एंडन म्हणजे १८ फेरे. दळण उत्तम चाललं होतं. पण सकाळी वारा पडलेला होता म्हणून आम्ही चारही पात्यांवर पूर्ण शीड पसरलं होतं, आणि आता पश्चिमेला काळी कड दिसत होती.

रोटरडॅमजवळची ही जुनी धान्यगिरणी दुरुस्त करून पुन्हा चालती केलेली आहे: विटांचा बुरूज, अर्ध्या उंचीवर लाकडी सज्जा, वर फिरती टोपी. एकोणिसाव्या शतकात या देशात सुमारे १०,००० पवनचक्क्या होत्या, आज १,२०० च्या आसपास उरल्यात. जतनासाठी १९२३ साली संस्था निघाली, तरी दुरुस्त झालेल्या चक्क्या चालवणार कोण? बंद चक्कीचं लाकूड किडतं, कुजतं. त्यातूनच १९७२ मध्ये स्वयंसेवक चालकांचा संघ उभा राहिला. मी तिथलाच शिकाऊ. अभ्यासात यंत्राइतकंच हवामान असतं, ते का हे त्या दुपारी कळलं.

नवख्याचा हात आधी ब्रेकच्या दोरीकडे जातो. आसावरच्या मोठ्या दातेरी चाकाला बाहेरून लाकडी ठोकळ्यांचं कडं असतं. दोरीला झटका दिला की आकडा सुटतो, जड तुळई खाली येते आणि तिच्या वजनाने कडं आवळतं. पण झोत अंगावर असताना ब्रेक टाकला तर चाक थांबत नाही, नुसतं घासत राहतं; लाकडावर लाकूड, मग धूर. चक्क्या अशाच पेटल्या आहेत. म्हणून झोत ओसरायची वाट बघायची, आणि तोवर ओझं वाढवायचं.

ओझं म्हणजे दळण. पात्यांच्या एका फेऱ्याला आमची वरची तळी साधारण सहा फेरे घेते, आणि ती टनाहून जड आहे. आम्ही वैरण, म्हणजे तळ्यांमध्ये पडणारं धान्य, वाढवली, तळी किंचित खाली घेतली. धान्य मात्र संपू द्यायचं नाही. दगडाला दगड लागला तर ठिणगी उडते, शिवाय टाकी लावलेल्या खाचा बोथट होतात ते वेगळंच. त्यासाठी चाडीला, म्हणजे धान्य ओततात त्या खोक्याला, घंटी असते. धान्य कमी झालं की वाजते.

पहिल्या उसंतीत ब्रेक टाकला. थांबायला पाच फेरे लागले आणि वरून करपट वास आला. पातं साखळीने बांधलं, जाळीवर चढून शीड गुंडाळलं. यात घाई चालत नाही. तळाशी आलेल्या पात्यावरच चढता येतं, म्हणजे चार पात्यांसाठी चार वेळा थांबवायचं. तोल राहावा म्हणून आधी समोरासमोरची जोडी. एका पात्याला आम्हाला तीन-चार मिनिटं लागली. दोघंच होतो.

चौथं शीड बांधताना पहिले थेंब पडले. मग वाऱ्याने नैर्ऋत्येकडून वायव्येकडे उडी मारली, आणि मला खरी धास्ती याचीच होती. ब्रेकचं कडं पात्यांच्या नेहमीच्या दिशेनेच घट्ट आवळतं. वारा मागून आला तर पाती उलटी ओढली जातात, पकड सुटते, टोपीसुद्धा उचलली जाऊ शकते. सज्जावरच्या रहाटाने टोपी वळवली, साखळी आणि वीज जमिनीत नेणारी तार पात्याला जोडली आणि मगच आत आलो. पहिली वीज त्यानंतर कडाडली.

संध्याकाळी वर जाऊन पाहिलं. दोन ठोकळ्यांवर काळी चकाकी आली होती. गुळगुळीत ठोकळा धरत नाही, म्हणून ते खरवडायला काढले. आसाच्या मानेखालचा दगड कोमट होता, त्याला डुकराच्या चरबीचं वंगण दिलं. खाली शेवटच्या पोत्यातलं पीठ अजून हाताला गरम लागत होतं. ते पावाच्या पिठात मिसळलं नाही, वेगळं ठेवलं.