दव वाळू द्या, मग निघा: शेवंतीबरोबर तीन दिवस, 64 किलोमीटर

बेळगावजवळच्या महिपाळगडावरून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो, ही या प्रवासातली सगळ्यात मोठी चूक. डोंगर चढायची सवय असलेल्या माणसाला उजाडायच्या आत पाठीवर पिशवी चढवल्याशिवाय चैन पडत नाही. पण जानेवारीचा महिना, कमरेएवढं वाळलं गवत, त्यावर रात्रभर पडलेलं दव, आणि सोबत मखमलीएवढेच केस असलेली कुत्री. अर्ध्या तासात शेवंती पोटापर्यंत निथळत होती आणि वारा सुटला होता. पुढं काय झालं ते ओघात येईलच. ज्यांना कुत्र्याला घेऊन थंडीत लांबचं चालायचं आहे, त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवावं: आपल्या भागात थंडी आकड्यात नसते, ओलीत असते.

शेवंती ही कारवानी आणि गावठी यांची मिसळ. मुधोळ हाउंड म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याला आपल्याकडची जुनी माणसं कारवानच म्हणतात. वय साडेतीन, वजन 21 किलो, छाती खोल, कंबर मुठीत मावेल अशी, अंगावर चरबी औषधालासुद्धा नाही. पळायला लागली की वारं, आणि गारठ्यात लटलट कापणार. लांब केसांच्या, अंगानं भरलेल्या कुत्र्याचा हिशेब वेगळा असतो. त्याला सकाळी त्रास नाही, दुपारी बारानंतर आहे.

मूळ बेत जांबोटी, कणकुंबी असा होता. मलप्रभा जिथं उगम पावते तिथं चालत जायचं, हे फार दिवसांचं मनात होतं. तो बेत सोडला. त्या बाजूचं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथं कुत्रं नेता येत नाही आणि नेऊही नये. अभयारण्याबाहेरच्या रानातही अस्वलं आहेत, बिबटे आहेत. कुत्रं अस्वलावर भुंकतं, अस्वल पाठीमागं लागलं की ते धन्याकडं पळत येतं, आणि अस्वल त्याच्या मागोमाग. म्हणून बेळगावच्या पश्चिमेला अर्धा वळसा ठरवला: हिंडलगा, उचगाव, शिनोळी, महिपाळगड, मग कुद्रेमानी, तुडये, राकसकोप, बेळगुंदी, शेवटी किणये, देसूर आणि राजहंसगड. मी आणि माझा भाचा. दोन माणसं हवीतच. एकानं कुत्रं धरायचं, दुसऱ्यानं त्याच्या पायातला काटा काढायचा, हे एकट्याचं काम नव्हे.

तयारी दिवाळी झाल्यावर सुरू केली. पहिले दोन आठवडे बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात आणि कॅम्पातल्या रस्त्यांवर रोज पाच किलोमीटर. मग आठवड्यातून एकदा दहा, एकदा चौदा, मध्ये एक दिवस पूर्ण आराम. शेवटच्या दोन आठवड्यांत सलग दोन दिवस पंधरा-पंधरा. ही जोडी महत्त्वाची. पहिल्या दिवशी कुठलंही कुत्रं उत्साहात चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठताना कसं उठतं, त्यावरून खरं कळतं. अंग आखडलेलं दिसलं की अंतर कमी करायचं. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याला असल्या भानगडीत पाडू नका, त्याची हाडं अजून भरत असतात. आणि कुत्री माजावर यायच्या बेतात असेल तर सरळ महिनाभर पुढं ढकला, नाहीतर प्रत्येक गावच्या वेशीपासून वरात निघेल.

तळपाय घट्ट व्हायला नुसता डांबरी रस्ता पुरत नाही. शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातल्या बांधांवरून आणि मुरमाच्या वाटांवरून मुद्दाम चालवलं. रात्री खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, पण थोडाच. तळवा फार मऊ पडला की उलट सोलतो. बूटही आणले होते. पहिल्या दिवशी शेवंती ते घालून बगळ्यासारखी एकेक पाय वर उचलत चालली, घरातले सगळे लोळले हसून. आठ दिवस रोज दहा मिनिटं घातल्यावर जमलं. ही सवय घरी लावली नसती तर दुसऱ्या दिवशी अडकलो असतो.

कोटाचं आमचं गणित चुकलं. आईनं जुन्या घोंगड्याचा तुकडा कापून, पोटाखाली बंद लावून छान झूल शिवली. लोकर भिजली तरी ऊब धरते, म्हणून आम्ही खूश. पण या दिवसांत डोंगरावर कुसळी गवत पिकलेलं असतं आणि घोंगडं म्हणजे कुसळांना आमंत्रण. पहिल्या तासाभरातच झुलीचं साळिंदर झालं. त्यामुळं घोंगडं रात्रीसाठी, आणि चालताना बाहेरून गुळगुळीत, आतून अस्तर असलेला, पोट झाकणारा कोट, अशी वाटणी करा. पाठ झाकून पोट उघडं ठेवणारे कोट दुकानात पुष्कळ मिळतात. दवात ते बिनकामाचे. दुपारी मात्र ऊन भाजतं, तेव्हा कोट काढायचाच.

पिशवीत तिच्यासाठी होतं ते असं: दोन कोरडे पंचे, गोणपाटाची घडी, डिजिटल थर्मामीटर, चिमटा, पट्टी, रेबीजच्या लसीचा कागद, आणि प्रत्येक टप्प्यावरच्या एकेका टेम्पोवाल्याचा नंबर. लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लसही आधी दिलेली, कारण ओढ्यात तोंड घालणार नाही असं कुत्रं जन्मलेलं नाही. गोचिडांचं औषध आठवडाभर आधी मानेवर सोडलं. याकडं काणाडोळा करू नका. शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात 2016 साली माकडतापाचे रुग्ण सापडले, आणि तो ताप गोचिडांतून पसरतो तो याच हिवाळा-उन्हाळ्याच्या दिवसांत. संध्याकाळी कुत्र्याचे कान, काखा बघताना आपल्याही पायांवर नजर टाकावी. सगळं ओझं आम्ही वाहिलं. अंगानं दणकट कुत्र्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं ठेवलं तर चालतं, पण कारवानाची पाठ त्यासाठी नाही.

पहिला दिवस, 24 किलोमीटर. वेंगुर्ले रस्ता टाळता येईल तेवढा टाळा. ऊसतोडीचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि त्यावर छाती हादरवणारी गाणी. शेवंती दोनदा गटारात उतरली. उचगावात आतून शिरलो, तुरमुरी, बाची करत शिनोळी गाठली. बाचीत कर्नाटक संपतं, शिनोळीत महाराष्ट्र लागतो. 1956 पासून ज्याच्यावरून एवढं रामायण चाललंय ती ही सीमा शेवंतीनं रस्त्याकडेला बसून दोन मिनिटांत निकालात काढली आणि पुढं झाली.

गावोगावची कुत्री हा या वाटेवरचा खरा जाच. आठ-दहांचा घोळका अंगावर येतो. पळायचं नाही, आपलं कुत्रं उचलून घ्यायचं नाही. दोरी आखूड करून त्याला दोघांच्या मध्ये घ्यायचं आणि चालत राहायचं. फारच जवळ आली तर वाकून दगड उचलल्याचा नुसता आव आणायचा. मारायची वेळ येत नाही. गावातलं कोणी दिसलं की आधी रामराम घालायचा, म्हणजे तेच आपल्या कुत्र्यांना हाकलतात. आम्हाला तर लोक स्वतःहून गाठत होते. "काय ओ, कुत्रीला स्वेटर घातलायसा! तिचं लगीन हाय काय?" हे मी त्या दिवशी चार गावांत चार तऱ्हेनं ऐकलं.

देवरवाडीच्या वैजनाथाला बाहेरूनच हात जोडले, एक जण आत आणि एक जण कुत्रीपाशी असे आळीपाळीनं. महिपाळगडावर किल्ल्याच्या आतच गाव वसलेलं आहे. मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवली होती. मी शेवंतीला अंगणात बांधायला लागलो तर घरच्या मावशी ओरडल्या, "भाईर नगो बांधू लेकरा. वाघ फिरायलाय. सोप्यात घे तिला." इकडं बिबट्याला वाघच म्हणतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरात गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला आणि शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या, मग इथली काय कथा. बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. तंबूत राहणार असाल तर कुत्रं तंबूच्या आत.

मावशींनी पोत्यात पिंजर भरून दिलं. त्यावर गोणपाट, वरून घोंगडं. गार फरशी अंगातली ऊब जेवढी ओढून घेते तेवढी हवा घेत नाही, त्यामुळं पांघरुणाआधी अंथरूण बघा.

जेवणाबद्दल थोडं. थंडीत चालताना तिला रोजच्यापेक्षा दीडपट लागलं: नाचणीची भाकरी, उकडलेली अंडी, रात्री बिनमिठाचं चिकन. ताटातलं उरलेलं देऊ नका म्हणून यजमानांना नम्रपणे सांगावं लागतं, कारण आपल्या प्रत्येक कालवणात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिऱ्यातला, चिवड्यातला बेदाणाही वाईट, मूत्रपिंडावर जातो. आणि खोल छातीच्या कुत्र्याला पोटभर खायला घालून लगेच चालवू नका. पोट फुगून पीळ पडला तर काही तासांत जीव जातो. खाणं आणि चालणं यांत दीड-दोन तास सोडा. थंडीत कुत्री पुरेसं पाणी पीत नाहीत, त्यावर कोमट पाण्यात चिकनचं पाणी मिसळायचं हा उपाय लागू पडला.

आता ती सकाळ. सहाला माझ्या थर्मामीटरवर 9 अंश होते. घोंगड्याची झूल कुसळांनी भरलेली म्हणून ती सोडून साधा, पोट उघडं ठेवणारा कोट घातला होता. गवतातून उतरून मोकळ्या कड्यावर आलो तेव्हा शेवंती थरथरत होती, तिकडं मी लक्ष दिलं नाही. ती घरीसुद्धा थरथरते. मग तिनं शेपूट पोटाखाली घेतली, पाठ कमानीसारखी केली आणि बसकण मारली. दोरी ओढली तरी उठेना. भाचा म्हणाला, "मामा, ही नाटक करत नाहीये." ताप मोजला तर 37.4. कुत्र्याचं साधारण 38.3 ते 39.2 असतं. थरथर चालू आहे तोवर शरीर लढत असतं. थरथर थांबून पाय लटपटायला लागले, डोळे मंदावले की गोष्ट हाताबाहेर चालली असं समजा.

एका गोठ्याच्या आडोशाला गेलो. ओला कोट काढला, पंच्यानं टिपून घेतलं, भाच्यानं जर्किनच्या आत तिला छातीशी धरलं. थर्मासातलं पाणी बाटलीत ओतून, फडक्यात गुंडाळून पोटापाशी ठेवली. थोडा गूळ चाटवला. गोठ्यातले आजोबा शेकोटीजवळ आणा म्हणत होते, पण गारठलेल्या कातडीला चटका कळत नाही, म्हणून लांबच बसलो. चाळीस मिनिटांनी 38.2 झालं. परत फिरावं म्हणून रस्त्यावर आलो, तर बसमध्ये कुत्रं घ्यायला कंडक्टर तयार होईना. शेवटी नंबर असलेल्या टेम्पोवाल्याला फोन करून ठेवला, तो दहाला येणार होता. दहापर्यंत ऊन पसरलं, गवत कोरडं झालं, आणि शेवंती आजोबांच्या कोंबड्यांकडं ज्या नजरेनं बघायला लागली ती बघून टेम्पो नको म्हणून कळवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही नऊच्या आत पाऊल उचललं नाही. दिवसाचं अंतर कमी पडतं, पडू द्या.

कुद्रेमानीकडून तुडयेच्या वाटेवर भाताची रिकामी शेतं आडवी पार करायचा मोह झाला आणि धसकटानं तिचा पुढचा उजवा तळवा चिरला. धुऊन, पट्टी बांधून वर बूट चढवला. दुखतंय म्हणून आपली अंगदुखीची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल काय, आयब्युप्रोफेन काय, कुत्र्याला विषच. ऊस तोडलेल्या रानातले बुडखे धसकटांपेक्षा वाईट, तिथं शिरूच नका. रानाच्या कडेला डुकरांसाठी लावलेले तारेचे फास असतात, कुंपणात वीजही सोडलेली असते, त्यामुळं कितीही शहाणं कुत्रं असलं तरी दोरी सुटता कामा नये. मोर उठला की कारवानाला धन्याची आठवण राहत नाही. राकसकोपच्या जलाशयाशी पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पाण्यापासून लांब ठेवलं. बेळगुंदीत मुक्काम, रात्री रताळी भाजलेली, त्यातलं अर्धं तिनंच खाल्लं.

तिसऱ्या दिवसाचे 22 किलोमीटर सरळ गेले. बिजगर्णी, किणये, संतिबस्तवाड, देसूर. मेंढरांचा एक कळप आडवा आला. मेंढपाळानं लांबूनच विचारलं, "नायी कडीतैतेन्री?" म्हणजे कुत्रं चावतं का. "इल्लरी" एवढं उत्तर पाठ करून ठेवा आणि कळप जाईपर्यंत रस्ता सोडून उभे राहा. राजहंसगडावर साडेचारला पोहोचलो. तटावर वारा होता, कोट चढवला, दहा मिनिटांत खाली उतरलो.

घरी आल्यावर ती दोन दिवस झोपून होती. धसकटाची जखम आठवड्यात भरली. नवव्या दिवशी डावा मागचा पाय चाटायला लागली. बघितलं तर दोन बोटांच्या मध्ये हरभऱ्याएवढी गाठ. डॉक्टरांनी चिरा देऊन अख्खं कुसळ बाहेर काढलं. ते पुढंच सरकत जातं, मागं येत नाही. रोज संध्याकाळी मी तिचे तळवे बघत होतो, बोटांच्या मध्ये बघायचं राहिलं होतं.