शाई आधी की रंग आधी : नागपुरातील रोजच्या रेखाटनाची वर्षभराची नोंद

रोज एक रेखाटन जागेवर बसून, शाई आणि जलरंग या दोन माध्यमांत पूर्ण करायचे, हा नेम आता उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंतून गेला आहे. त्यातून हाती लागलेली सर्वांत उपयोगी गोष्ट अशी, की शाई आणि पाणी यांपैकी आधी काय, हे नागपूरच्या हवेला विचारून ठरवावे. बहुतेक शिकवण्यांत ‘आधी रेषा, मग रंग’ हा एकच क्रम सांगितला जातो. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आणि ऑगस्टमध्ये कोरा कागदही दमट लागणाऱ्या या शहरात एकच पद्धत वर्षभर रेटली, तर चित्रे सलग काही दिवस बिघडत राहतात आणि मग वही घरीच राहू लागते. रोजच्या सवयीत खंड पडण्याचे माझ्या पाहण्यातील प्रमुख कारण हेच आहे, आणि म्हणून पुढील नोंद ऋतूंच्या क्रमाने केली आहे.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगते. शंभर टक्के सुती तंतूंचा ३०० जीएसएम (म्हणजे बराच जाड) आणि कोल्ड प्रेस्ड (म्हणजे किंचित खरबरीत) कागद, ए-६ आणि ए-५ अशा दोन आकारांच्या वह्या, कार्बन शाई (वाळल्यावर पाण्याने न पसरणारी) भरलेले वाकड्या निबचे एक पेन, साधी धुऊन जाणारी शाई भरलेले दुसरे पेन, आणि आठ रंगांची पत्र्याची डबी, एवढ्यावर भागते. लाखयुक्त इंडिया इंक मात्र फाउंटन पेनात भरू नये, कारण ती वाळली की पेन कायमचे तुंबते; तिच्यासाठी बुडवून लिहायचा टाकच ठेवावा.

उन्हाळ्यात आधी शाई, हा नियम पक्का झाला आहे. एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सकाळी साडेसहा ते आठ हाच वेळ हाताशी असतो, आणि त्यातही साडेसातनंतर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, कागदावर पसरवेपर्यंत त्याची कड वाळून रेघ उमटते. अशा हवेत मोठे आकाश एका दमात रंगवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा, रेषेने आधी लहान लहान कप्पे पाडून घ्यावेत आणि एकेक कप्पा स्वतंत्रपणे भरावा. मग रंगाची प्रत्येक कड शाईच्या रेषेवर येऊन थांबते आणि ती कडक वाळली तरी खटकत नाही. झीरो माइलचा परिसर या सरावासाठी मला फार सोयीचा वाटतो. तेथील वालुकाश्माचा स्तंभ आणि उधळलेले चार घोडे सर्वांच्या परिचयाचे आहेत, पण त्यांच्याजवळचा सर्वेक्षणाचा लहान दगड बहुतेक रेखाटनांतून निसटतो. त्यावर १९०७ हे साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे. घोड्यांच्या बाबतीत अडचण अशी, की कोठेही बसले तरी एखादा घोडा थेट आपल्या अंगावर येणाऱ्या कोनात सापडतो आणि त्याची मान व पुढचे पाय आखूड दिसू लागतात. पाय मोजत बसण्याऐवजी दोन पायांच्या मधली रिकामी जागा आधी काढायची, हा उपाय येथे चांगला लागू पडला.

रंगांचे उन्हाळ्यात वेगळेच हाल होतात. डबीतला रंग गोंदाच्या बंधकावर उभा असतो, आणि कोरड्या उष्णतेत तो आकसून तडकतो व वडी सुटून डबीत खुळखुळू लागते. ट्यूबमधून रंग भरताना त्यात ग्लिसरीनचा थेंब किंवा किंचित मध मिसळला, तर वडी नरम राहते. मात्र हाच रंग पावसाळ्यात चिकट राहतो आणि त्यावर बुरशी धरते, म्हणून ग्लिसरीनबरोबर लवंगेच्या तेलाचा अंश घालण्याची जुनी युक्ती येथे दुर्लक्षून चालत नाही. पेनाच्या बाबतीत, टाकी अर्धी रिकामी असेल तर आतली हवा उष्णतेने फुगते आणि शाई निबमधून बाहेर ढकलली जाते; म्हणून उन्हाळ्यात पेन पूर्ण भरून, निब वर करून न्यावे.

उन्हाळ्याचा खरा विषय मात्र कोणत्याही स्मारकापेक्षा खिडक्यांना लटकलेले कूलर हा आहे, असे माझे ठाम मत आहे. लोखंडी स्टँड, गंजाचे ओघळ, कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताट्यांचा काळपट तपकिरी पोत, पाण्याची वळवळणारी नळी आणि खाली भिंतीवर पडलेला हिरवट डाग, एवढी सामग्री चार फुटांच्या चौकोनात मिळते. त्यासाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि थोडा पिवळा एवढे तीनच रंग पुरतात, आणि गल्लीतल्या पानठेल्याच्या सावलीत बसून चित्र होते. तेथे ‘काय काढून राहिल्या ताई?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘कूलर’ असे उत्तर दिले की विचारणारा एकदा कूलरकडे आणि एकदा आपल्याकडे पाहतो, आणि मग स्वतःच्या घरचा कूलर याहून चांगला असल्याचे सांगतो.

पावसाळ्यात सारे उलटते. कार्बन शाई दमट कागदावर इतकी सावकाश वाळते की वॉश फिरवताच रेषा काळ्या धुरासारखी पसरते. आणि वॉश आधी द्यावा, तर तो इतका वेळ ओला राहतो की वर रेषा ओढेपर्यंत पावसाची पुढची सर येते. या दिवसांत जलरोधक शाईचा आग्रहच सोडून दिला. शाळेत वापरली जाते ती साधी रॉयल ब्ल्यू किंवा काळी शाई घेऊन रेषा काढायची, आणि सावलीच्या बाजूने फक्त ओला ब्रश टेकवायचा. शाई स्वतःच विरघळून छाया तयार करते, आणि शेवटी एखाददुसरा रंगाचा ठिपका पुरतो. ही शाई उजेडात फिकी पडते हा तिचा दोष खरा, म्हणून अशी पाने भिंतीवर लावू नयेत. मिटलेल्या वहीत ती चांगली टिकतात.

महाल या जुन्या वस्तीत ही पद्धत विशेष जमून येते. भोसलेकालीन नगरवेशींपैकी जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचा गांधी गेट, पावसात भिजल्यावर वरपासून खालपर्यंत एकाच काळसर छटेत येतो, त्यामुळे तपशिलाचा मोह आपोआप सुटतो आणि कमानीतून दिसणारा पलीकडचा उजळ रस्ता हाच चित्राचा विषय होतो. जुन्या वाड्यांची कवेलू (कौलारू) छपरे काढताना प्रत्येक कवेलू मोजण्याची गरज नसते. छपराच्या कडेच्या दोन ओळी नीट काढाव्यात आणि वर तुटक रेषा विरळ करत न्याव्यात, बाकीचे पाहणाऱ्याची नजर भरून घेते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची, म्हणजे इडा-पीडा घालवण्यासाठी काढल्या जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक ही या वर्षातली सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधानकारक नोंद आहे. पिवळी आणि काळी या दोन्ही मारबती इतवारीत समोरासमोर येतात तेव्हा बसायला जागा मिळणे तर दूरच, वही छातीशी धरून उभे राहता आले तरी पुष्कळ होते. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्यांत आणि बडग्यांच्या (मारबतींसोबतच्या पुतळ्यांच्या) गर्दीत चेहरे काढण्यात अर्थ नसतो. डोक्यांची ओळ आधी एका सलग रेषेने आखून घ्यावी, तिच्यातून वर आलेली मारबत आणि बडगे मोठ्या आकारांत मांडावेत, आणि खाली पायांच्या जागी रेषा सोडून द्यावी. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर क्षितिजरेषा येते, त्यामुळे सारख्या उंचीची सर्व डोकी, जवळची असोत वा दूरची, साधारण त्याच रेषेवर बसतात. लहान होतात ती धडे आणि पाय. एवढे एक सूत्र हातात बसल्यापासून माझ्या चित्रांतील माणसे जमिनीवर उभी दिसू लागली आहेत.

हिवाळ्यात रंग आधी घेते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वॉश ना लगेच वाळतो ना तासभर ओला राहतो, आणि ऊन तिरपे असल्याने सावल्या लांब व स्पष्ट पडतात. म्हणून पेन्सिलही न लावता प्रकाश आणि छाया असे दोनच आकार थेट रंगाने मांडायचे, आणि ते वाळल्यावर जेथे आकार हरवला असेल तेथेच रेषा द्यायची. नागपूरचा वालुकाश्म या पद्धतीने फार चांगला उतरतो. हेन्री मेड यांनी आराखडा केलेली आणि १९४० मध्ये खुली झालेली उच्च न्यायालयाची इमारत, तसेच १९२५ सालची रेल्वे स्थानकाची इमारत, यांच्या दगडासाठी रॉ सिएनामध्ये (पिवळट तपकिरी) किंचित बर्न्ट सिएना घेते आणि छायेसाठी अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना मिसळून येणारा करडा वापरते. अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना चिकटून कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा रवाळ पोत विनासायास मिळतो. उन्हाळ्यात हाच वॉश इतका झटपट वाळतो की कणांना स्थिरावायला वेळच मिळत नाही, म्हणून वालुकाश्माच्या इमारती हिवाळ्यासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर. स्थानकाची मुख्य दर्शनी बाजू पश्चिमेकडे असल्याने ती सकाळी पूर्ण छायेत असते; जिज्ञासूंनी दुपारी चारनंतर जावे.

जागेवर बसूनच काढायचे, या अटीबद्दलही थोडे. गॅब्रिएल कॅम्पानारियो या सिअ‍ॅटलमधील पत्रकार-चित्रकाराने २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ची सुरुवात केली, तेव्हापासून प्रत्यक्ष पाहून काढणे हा या चळवळीचा पाया मानला जातो आणि मीही छायाचित्रावरून काढलेले पान रोजच्या नोंदीत धरत नाही. परंतु पावसामुळे रेषा जागेवर आणि रंग घरी झाला, तर ते पान बाद ठरवण्याइतकी कर्मठता मला पटत नाही. अशा वेळी समासात ‘आकाश फिके, रस्ता सर्वांत गडद’ अशी छटांची नोंद मात्र तेथेच करून ठेवावी, कारण घरी पोहोचेपर्यंत स्मृती प्रत्येक सावली निळी करून टाकते.

वर्षभराच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर रेषेपेक्षा छटांत अधिक सुधारणा दिसते. सुरुवातीच्या पानांवर सर्वत्र मध्यम राखाडी आहे. अलीकडच्या पानांवर कोरा पांढरा कागद आणि खरोखरचा गडद एकमेकांशेजारी येतात. झाडे अजून मनासारखी होत नाहीत. कडुनिंबाचे झाड हिरव्या ढगासारखे होऊन बसते, आणि त्यासाठी फांद्यांच्या मधून दिसणाऱ्या आकाशाच्या फटी आधी राखून ठेवण्याचा सराव सिव्हिल लाइन्समध्ये सुरू केला आहे.

पुढचे काम वर्धा मार्गावरील दुमजली पुलाचे आहे. खाली रस्ता, मधल्या मजल्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटर लांबीचा हा पूल एकबिंदू यथार्थदर्शनाचा (दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळताना दाखवण्याचा) उत्तम धडा आहे, कारण तिन्ही पातळ्या एकाच लोपबिंदूकडे, म्हणजे क्षितिजावरील त्या बिंदूकडे, धावतात आणि मधले खांब ठरावीक प्रमाणात जवळ जवळ येत जातात. ए-५ वही आडवी उघडून दोन्ही पानांवर, कार्बन शाईने आधी फक्त खांब आणि मग पुलाच्या पोटाखालची गडद छाया, असा क्रम योजला आहे. थंडी असेपर्यंत तो रंग आधी घेऊनही करून पाहीन, आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून कोणता क्रम काँक्रीटला मानवतो ते पुढच्या नोंदीत लिहीन.