नाण्यांची कोडी कशाला?

"भाजीवालासुद्धा आता क्यूआर कोड पुढे करतो, मग रविवारी मुलांना जमवून सुट्ट्या पैशांची कोडी कशाला घालता?" हा प्रश्न मला बहुतेक पालकच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

ही कोडी व्यवहारज्ञानासाठी नाहीतच. तेवढ्यासाठी वाण्याकडे एक फेरी पुरते, आणि तिथे सुट्ट्यांऐवजी हातावर चॉकलेट टेकवलं जातं हेही शिकून होतं. मला नाणी आवडतात ती वेगळ्या कारणासाठी. अगदी चौथीतल्या मुलालाही समजेल असा प्रश्न त्यांच्यातून निघतो, आणि त्याचं उत्तर मोठ्यांनाही चकवतं.

१, २, ५ आणि १० रुपयांच्या नाण्यांनी १० रुपये किती तऱ्हांनी होतील? ११. त्यात २० चं नाणं घेऊन २० रुपये करायचे म्हटलं तर ४१. इथे मुलं क्रम लावायला शिकतात, बाकी फार काही नाही.

खरी गंमत जुन्या पैशांत आहे. १९६४ साली आपल्याकडे तीन पैशांचं नाणं आलं, पाच पैशांचं आधीपासून होतंच. समजा खिशात फक्त ही दोनच प्रकारची नाणी आहेत, हवी तितकी. नेमके किती पैसे देताच येणार नाहीत? १, २, ४ आणि ७. बस्स. "सातच्या पुढे एकही नाही कशावरून?" असं मी विचारते तेव्हा वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी ८, ९, १० करून दाखवतं आणि त्यात तीन-तीन पैसे मिळवत सुटतं. सिद्धता असा शब्द न उच्चारता सिद्धता झालेली असते.

पण माझं लाडकं कोडं ४० पैशांचं. कमीत कमी नाणी वापरून ४० पैसे द्या. मोठ्या नाण्यापासून सुरुवात करायची, हे आपल्या हाताला न शिकवता येतं: २५, मग १०, मग ५. तीन नाणी. झालं? नाही, २० ची दोन नाणी पुरतात. १९६८ मध्ये २० पैशांचं नाणं आलं आणि २५ चंही चालू राहिलं, म्हणून हा घोळ. ९० पैशांनाही तेच: मोठ्यापासून गेलात तर चार नाणी, नाहीतर ५०, २०, २० अशी तीन.

आण्यांच्या काळात हे कोडं घालताच आलं नसतं. आणा, चवली, पावली, अधेली, रुपया: प्रत्येक नाणं आधीच्याच्या बरोबर दुप्पट. मोठ्या नाण्यात लहानी पूर्ण पटीत बसतात तिथे मोठ्यापासून सुरुवात करणारा कधी फसत नाही. 'लीलावती'च्या आरंभी भास्कराचार्यांनी दिलेलं कोष्टकही याच जातीचं आहे: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. २५ मध्ये २० पूर्ण पटीत बसत नाही, तिथेच वाट चुकते.

एवढ्यावर हुशार मुलं लगेच उसळतात: "पण पाचात दोन तरी कुठे बसतात?" बरोबर. तरीही आजच्या १, २, ५, १०, २० मध्ये मोठ्यापासून सुरुवात केलेली चालते. म्हणजे पट असली की नक्की चालतं, पण नसली की बिघडतंच असं नाही. हा फरक कळायला काहींना दोन रविवार लागतात, आणि मी घाई करत नाही.

त्यानंतरचा प्रश्न मुलांनीच काढलेला आहे: २० आणि २५ पैकी कोणतं नाणं पाडायला नको होतं? दोन्ही बाजूंनी कडाक्याची भांडणं होतात. कोणतंही एक काढलं तरी ४० चा घोळ मिटतो, हे वहीत करून बघेपर्यंत कुणी ऐकत नाही.