पिवळ्या रंगाने केलेला घात

दांडिया बाजारातल्या दुकानात बाबा फिनेल, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर विकायचे. बडोद्यात क्लब-सोसायट्यांचे तरणतलाव वाढले, तशी गिऱ्हाइकं म्हणू लागली, "पोती देता, तर टाकायला माणूसही द्या." तिथून देखभालीची कामं सुरू झाली. मी बी.कॉम.; क्लोरीन चुका करतच शिकलो.

सगळ्यात महागात पडली ती एका हेल्थ क्लबातली चूक. जाकुझीत, म्हणजे जेटवाल्या गरम पाण्याच्या टाकीत, बसलेल्या चार-पाच जणांना दुसऱ्या दिवशी लाल पुटकुळ्या आल्या, त्याही चड्डीखाली जास्त. मॅनेजर फोनवर तापला, "पाणी तो काच जेवुं छे!" खरंच तसंच होतं. आमच्या पोराने क्लोरीन तपासायचे ओटीओचे थेंब टाकले होते, पिवळा रंगही झकास आला होता. पण ओटीओ एकूण क्लोरीन दाखवतं. घामाशी, लघवीशी जोडला जाऊन निकामी झालेला क्लोरीनही त्यातच धरला जातो. त्यात पीएच निघाला ८. पीएच ७.५ असेल तर मोकळ्या, म्हणजे कशाशी न जोडलेल्या, क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा. ८ ला जेमतेम पाव.

मग जेटचा पाइप खोलला. आत बोट फिरवलं, तर पावसाळ्यात मोरीच्या कडेला धरतो तसला बुळबुळीत थर हाताला लागला. असल्या पुटकुळ्या आणणारा स्यूडोमोनास जंतू अशाच थरात ठाण मांडतो, वरच्या पाण्यातला क्लोरीन तिथवर धड पोचत नाही. टाकी उपसून पाइप साफ करण्यात दोन दिवस गेले. पैसे मागितले नाहीत. कंत्राट गेलंच.

तेव्हापासून ओटीओ बंद. मोकळा क्लोरीन वेगळा दाखवणारी डीपीडीची गोळी, गुलाबी रंग, आणि मोकळ्या क्लोरीनचा आकडा पीएचसकट रजिस्टरात. "तलावाला क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ," असं अजूनही ऐकतो. तो उग्र वास क्लोरामाइनचा, म्हणजे घाम-लघवीशी जोडलेल्या त्याच क्लोरीनचा; उलटच लक्षण.

जुलाबाची गोष्ट वेगळी. जुलाब लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही कित्येक दिवस तग धरतो. म्हणून लहान मुलाने पाण्यात पातळ शी केली की तलाव बंद करून क्लोरीन खूप वर न्यावा लागतो. गेल्या मे महिन्यात, ऐन शिबिरात, एका सोसायटीला हे सांगितलं. सेक्रेटरीसाहेबांनी आधी आमचंच रजिस्टर मागवलं. उभ्यानेच सगळी पानं उलटली, मग फाटकाला कुलूप घालायला सांगितलं. त्या महिन्याचं बिल अजून निघायचंय.