नाचरा काटा

बाबांच्या पद्मिनीचा स्पीडोमीटर महिनाभर छळत होता. गाडी चाळीसवर, काटा तीस ते साठ झोके घेतोय. मी मीटरलाच शिव्या घालत होतो. आज गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत जाणारी, फिरून काटा हलवणारी केबल सोडवून आतली तार बोटांनी फिरवली, तर अडकत अडकत फिरायची आणि मग एकदम सुटायची. काटा उडणारच की! तार कोरडी ठणठणीत. शिवाय डॅशबोर्डमागे केबल कोनात दुमडली होती, तीही मीच, गेल्या वेळी. तार रॉकेलने पुसली, ग्रीस फक्त खालच्या भागाला लावलं (वर जास्त लावलं की मीटरमध्ये चढतं), केबलला सैल वळण दिलं. काटा शांत! जीपीएसवर ५० असताना मीटर ५५ म्हणतो, ते चालतंय. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "मी तर इंजिनाच्या आवाजावरनं ओळखायचो."